शटर कधी उघडायचं हे ठरवण्याआधी झोपायचं कधी ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई अशी तिघं मिळून छोटी खानावळ चालवता. पगारी माणूस नाही. सकाळी ७ ते रात्री ११, आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं असतं. दुपारी ३ ते ६ फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून तेवढा वेळ बंद ठेवावं असं तुम्हाला वाटतं. यजमानांचं म्हणणं, एकदा बंद दार दिसलं की गिऱ्हाईक तुटतं. दोघांपैकी बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं हेच काम केलंय, नवरा, दीर आणि जाऊबाईंच्या सोबतीने. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण दुपारची नाहीच. दुपारी बंद ठेवून तुम्हाला जे मिळेल असं वाटतंय, ते मिळणार नाही. आम्ही आधी तेच केलं होतं. ३ ते ६ शटर खाली. पहिल्याच आठवड्यात कळलं की दुपारची शेवटची ताटं धुऊन होईपर्यंत पावणेचार वाजतात आणि ५ वाजता संध्याकाळच्या तयारीला ओट्याशी उभं राहावंच लागतं. हाती राहायचं तासभर आडवं होणं, तेही कानात फोन वाजत असताना. पहाटेचं उठणं तिथंच, मध्यरात्रीचं झोपणं तिथंच. दिवसाच्या मधला तुकडा काढला तरी दिवसाची दोन्ही टोकं जागची हलत नाहीत, आणि माणूस थकतो तो टोकांमुळे.

आधी एक हिशेब मांडू या, कारण कागदावर दिसल्याशिवाय घरात कुणाला पटत नाही. दुकान १६ तास उघडं. उघडण्याआधी दोन तास दोघांची तयारी, म्हणजे ४ माणूस-तास. १६ तास किमान दोघं हजर, म्हणजे ३२. गर्दीच्या चार तासांत तिसऱ्या माणसाशिवाय चालत नाही, म्हणून आणखी ४. रात्री बंद केल्यावर तासभर दोघांची घासपूस, म्हणजे २. रोजचे झाले ४२, आठवड्याचे २९४. तिघांत वाटले तर माणशी ९८ तास. बाजारहाट, उधारीची वही, बिघडलेल्या गिझरसाठी मिस्त्रीला फोन, यांतलं काहीच मी धरलेलं नाही. आणि सासूबाई त्यांच्या वयात ९८ तास उभ्या राहत नसणार, म्हणजे उरलेला भार तुम्हा दोघांवर आहे.

हा आकडा किती मोठा आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली आपला पहिलाच करार केला तो कामाच्या तासांवर: दिवसाला ८, आठवड्याला ४८. पण तो कारखान्यांसारख्या उद्योगांसाठी होता, आणि जिथे फक्त एकाच कुटुंबातली माणसं काम करतात ती ठिकाणं त्यातून स्पष्टपणे वगळली होती. १९३० साली दुकानं आणि कचेऱ्यांसाठी वेगळा करार झाला, त्यात उपाहारगृहं धरली नाहीत. थोडक्यात, तुमच्या-माझ्यासारख्यांचे तास मोजायला तेव्हाही कुणी उभं नव्हतं. ते आपणच मोजायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तुम्ही ५५ च्या कितीतरी पुढे आहात. हे मी घाबरवायला सांगत नाही. दुकानाची वेळ ठरवताना भाडं, वीज, गर्दी सगळं धरलं जातं आणि घरच्यांचं शरीर तेवढं धरलं जात नाही, म्हणून सांगते.

आमच्याकडे हे शरीरानेच सांगितलं. रात्री साडेदहाला, सलग पंधराव्या तासाला, दिरांच्या हातून झारा निसटला आणि गरम तेल मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. त्यांच्या हाताला वीस वर्षांची सवय होती. चुकलं ते फक्त थकव्याने. त्यानंतर दीड महिना तीन माणसांवर दुकान चाललं आणि तेव्हा आम्ही पहिल्यांदा कामाचे तास मोजायला बसलो.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी झोप लिहा. घरातल्या प्रत्येकाला सलग किती तास अंथरुणावर मिळायला हवेत, ते आधी ठरवा. युरोपीय संघाच्या २००३ सालच्या नियमात कामगाराला दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती आणि दर आठवड्याला त्याखेरीज सलग २४ तास सुट्टी असं किमान ठरवलंय. मालक म्हणून आपल्याला ते कुणी लागू करणार नाही, पण मोजपट्टी म्हणून ती चांगली आहे. तुमचं आज काय होतं बघा: रात्री ११ ला बंद, १२ ला आवरून होतं, पहाटे ५ ला परत तयारी. मध्ये पाच तास. त्यातच घरी जाणं, आंघोळ, जेवण, आणि मग झोप. हे पाचाचे किमान नऊ-दहा कसे होतील, हा तुमचा खरा प्रश्न. दुपारच्या शटरने ते होत नाहीत.

ते दोनच मार्गांनी होतात. एक, जो उघडतो तो बंद करत नाही, हा घरात पक्का नियम. दुसरा, नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण या तिन्हींपैकी एक वेळ सोडून देणं. तुम्ही तिघंच आहात, त्यामुळे पहिला मार्ग पूर्णपणे जमणार नाही. गर्दीला तिघंही लागतात. राहिला दुसरा. माझं स्पष्ट मत आहे की तीन माणसांनी दोन वेळा सांभाळाव्यात. तिन्ही वेळा धरून ठेवायचा हट्ट हे छोट्या घरगुती दुकानांच्या दमछाकीचं मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं कारण आहे.

पुन्हा तोच हिशेब करू. समजा सकाळ सोडली. ११ ते ३ आणि ६ ते १०, आठवड्याला सहा दिवस. सकाळची तयारी ४ माणूस-तास, आठ तास दोघं म्हणजे १६, गर्दीचे ४, मधली घासपूस आणि संध्याकाळची तयारी ३, रात्रीची आवराआवर २. रोजचे २९, आठवड्याचे १७४, माणशी ५८. ९८ वरून ५८ वर आलो, तरी ते जास्तच आहेत. आता गर्दीच्या चार तासांपुरता एक माणूस बाहेरून घेतला तर आठवड्याचे २४ तास कमी होतात, उरतात १५०, माणशी ५०. सासूबाईंनी त्यांतले ३० च केले तर तुमच्या दोघांच्या वाट्याला ६० येतात. म्हणजे माणूस ठेवूनही सगळं सुटत नाही, हेही आत्ताच दिसू दे. पण ९८ आणि ६० यांत कामाच्या दर दिवशी चार तासांचं अंतर आहे, आणि वर एक पूर्ण दिवस सुट्टीचा.

कोणती वेळ सोडायची, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुमच्या विक्रीच्या वहीवर अवलंबून आहे, आणि दुकान कशाशेजारी आहे त्यावर. कचेऱ्यांच्या रस्त्यावर सकाळ-दुपार चालते, वस्तीत संध्याकाळ-रात्र. जागेचा करार, परवान्यातल्या वेळेच्या अटी, शेजाऱ्यांची झोप, हेही बघावं लागतं. पण अंदाजाने सोडू नका. आम्ही ती चूक केली. दिरांच्या अपघातानंतर सगळ्यांना रात्रीची भीती बसली होती, म्हणून रात्रीचे शेवटचे दोन तास आम्ही कापले. दोन महिन्यांत गल्ला एवढा उतरला की जागेचं भाडं द्यायला दागिना मोडावा लागला. नंतर वही पाहिली तेव्हा कळलं, रात्री माणसं कमी यायची पण घरचे चार-पाच जण एकत्र यायचे, निवांत बसायचे, बिल मोठं व्हायचं. सकाळी उलट, रांग लांब, बिल लहान, आणि कष्ट दुप्पट. रांग बघून आम्हाला वाटायचं की सकाळीच धंदा आहे. शेवटी रात्र परत घेतली आणि सकाळ सोडली.

तेव्हा वही अशी ठेवा. चार आठवडे, दर अर्ध्या तासाला एक ओळ: किती बिलं झाली, किती रकमेची, आणि त्या वेळात कितीजण कामात होते. दिवसाच्या शेवटी काय टाकून दिलं तेही लिहा. चार आठवडे अशासाठी की प्रत्येक वार चारदा येतो. सगळ्या दिवसांची सरासरी काढू नका. एका वारी उपाशी आणि दुसऱ्या वारी तुडुंब असलेलं दुकान सरासरीत रोज बऱ्यापैकी चाललेलं दिसतं, आणि ती सरासरी प्रत्यक्षात कुठल्याच दिवशी खरी नसते. सणासुदीचा किंवा परीक्षांचा महिना शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर वहीत तशी खूण करा.

वही वाचताना दोन चुका होतात, आणि त्या उलट दिशांच्या आहेत. पहिली चूक, भाडं तासांवर वाटायची. ‘दुपारच्या तीन तासांत भाड्याचाही खर्च निघत नाही, बंद करा’ असं म्हणतात. पण दुपारी बंद ठेवलं म्हणून भाडं कमी होत नाही. त्या तासाच्या विक्रीतून माल, पार्सलचं सामान, घरपोच देणाऱ्यांचं कमिशन आणि त्याच तासासाठी जळलेला गॅस-वीज वजा करा. जे उरेल ती त्या तासाची खरी कमाई. ती थोडी असली तरी भाड्याला हातभारच लावते. दुसरी चूक याहून घातक: घरच्यांची मेहनत फुकट धरायची. तासाची खरी कमाई काढलीत की तिला त्या तासाला राबलेल्या माणसांनी भागा. बाहेरच्या माणसाला तुम्ही तासाला जे दिलं असतं, त्याहून ती कमी निघाली तर त्या वेळेत तुम्ही स्वतःला तोट्यात राबवताय. हा भागाकार यजमानांच्या समोर, त्यांनाच करायला द्या. आमच्याकडे तो दिरांनी केला आणि वाद त्याच रात्री मिटला.

आता यजमानांची भीती. ती खोटी नाही. बंद दार पाहून माणूस एकदा परत जातो, दुसऱ्यांदा चिडतो, तिसऱ्यांदा वाट वाकडी करत नाही. पण माझा अनुभव असा की लोक कमी वेळेने तुटत नाहीत, बेभरवशाच्या वेळेने तुटतात. दुकान रोज ११ लाच उघडतं हे ठाऊक असेल तर माणूस पावणेअकराला शेजारी कामं उरकून येतो. कधी साडेदहा, कधी पावणेबारा असलं तर तो येणंच सोडतो. आम्ही सकाळ सोडली तेव्हा पहिले तीन आठवडे रोज कुणी ना कुणी दार वाजवायचं. काहीजण कायमचे गेले, त्यांत वर्षानुवर्षांची माणसं होती आणि त्याचं वाईट वाटतंच. पण त्यांतली बरीच दुपारी दिसू लागली. किती टिकतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून बदलल्यावर आठ आठवडे वेळेला हात लावू नका. तिसऱ्या आठवड्यात गल्ला बघून परत फिरलात तर दोन्हीकडून नुकसान. जुनी वेळ मोडलेली असते आणि नवी कुणाच्या अंगवळणी पडलेली नसते.

त्याचसाठी पाटीवर तीच वेळ लिहा जी तुमच्या सगळ्यांत वाईट दिवशीही पाळता येईल. मुलाला ताप आहे, गॅस उशिरा आला, सासूबाईंचे गुडघे धरलेत, तरी ११ ला पहिलं ताट देता येईल का? येणार नसेल तर साडेअकरा लिहा. आणि ‘उघडं’ म्हणजे पहिलं ताट तयार. शटर अर्धं वर आणि आत लसूण सोलणं चाललंय, त्याला उघडं म्हणत नाहीत. बंद होण्याच्या बाजूनेही दोन वेळा लिहाव्या लागतात: शेवटची ऑर्डर कधी आणि दार बंद कधी. दोन्हींत पाऊण तास ठेवा. नाहीतर दहाला पाच मिनिटं असताना आलेला माणूस नियमाने बरोबर असतो, तुम्ही दमलेले असता, आणि त्याला उलट्या ठेवलेल्या खुर्च्या बघत जेवावं लागतं. पाटी, फोनवरचा संदेश, नकाशाच्या ॲपमधली वेळ आणि घरपोच सेवेच्या ॲपमधली वेळ, चारही एकाच दिवशी बदला. त्यांतली एक जरी जुनी राहिली तरी लोक नेमकी तीच बघून येतात.

दोन वेळांत दुकान चालवायचा आणखी एक फायदा आहे, तो फार कमी लोक वेळेशी जोडतात. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे गरम वाढायचं ते ६० च्या वर धरून ठेवावं लागतं. साध्या हवेत शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १६ तास सलग उघड्या दुकानात काय होतं? सकाळी मोठं भांडं चढतं, दुपारी गिऱ्हाईक नाही म्हणून आच मंद होते, संध्याकाळी तेच परत तापवलं जातं. तीन ते सहाच्या त्या मंद तासांत अन्न ना गरम असतं ना थंड. काही जंतूंचे बीजाणू शिजवण्यानेही मरत नाहीत; शिजवलेल्या धान्यात वाढणारा बॅसिलस सिरिअस त्यांतलाच, आणि त्याने एकदा विष तयार केलं की पुन्हा उकळूनही ते जात नाही. दोन वेळा ठरलेल्या असल्या की प्रत्येक वेळेला बेताचं भांडं चढवता येतं आणि ३ वाजता ते रिकामं करायचं हे ठरलेलं असतं. आमच्याकडे टाकून द्यायचं प्रमाण यानेच सगळ्यांत जास्त उतरलं.

रात्रीचंही तसंच. उरलेलं अन्न फ्रिजमध्ये जायचं असेल तर ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत उतरायला हवं. ११ ला बंद करून मोठं पातेलं तसंच ठेवलं तर ते उतरायला मध्यरात्र उलटते, आणि तोवर जागं कोण राहणार? म्हणून शेवटचं भांडं लहान करा, उरलं तर पसरट, उथळ भांड्यांत काढा, किंवा चार पदार्थ संपल्याचं मोकळेपणाने सांगा. रात्री साडेनऊला ‘हे संपलं’ म्हणायला लाज वाटायचं काही कारण नाही.

साप्ताहिक सुट्टी घ्या, यावर माझं दुसरं मत नाही. कोणता वार, ते विक्रीवरून न ठरवता खऱ्या कमाईवरून ठरवा. एखाद्या वारी विक्री कमी असते पण माल टाकावा लागत नाही, तो वार बऱ्यापैकी कमावतो. तुमचा माल ज्या दिवशी ताजा मिळत नाही आणि मुलांना शाळा नसते, असा एखादा वार जुळला तर उत्तमच. फक्त त्या दिवशी टाकी धुणं, भिंत रंगवणं, वर्षाचे हिशेब असली कामं भरू नका. तसली कामं महिन्यातून एकदा अर्धा दिवस ठरवून करा.

सगळं एकदम बदलायची छाती होत नसेल तर मधला मार्ग आहे. ३ ते ६ या वेळेत शटर वर ठेवा पण स्वयंपाकघर बंद, फक्त तयार असलेलं आणि पार्सल, आणि एकच माणूस गल्ल्यावर. उरलेले दोघं घरी. हे तेव्हाच करा जेव्हा त्या वेळेत बसणाऱ्याला संध्याकाळची निवडणं-चिरणं करता येते, कारण मग त्या तासाला वेगळी मेहनत जवळजवळ लागत नाही. पण यानेही दिवसाची टोकं हलत नाहीत हे लक्षात ठेवा. दोन-तीन महिने हा मार्ग, आणि तोवर वही पूर्ण करून कुठलं टोक कापायचं ते ठरवणं, असं केलंत तर यजमानांनाही एकदम धक्का बसणार नाही.

वही उद्यापासून सुरू करा, आणि पहिल्या दिवशी ती यजमानांच्या हातात द्या. सासूबाईंनाही विचारा की त्यांना कोणत्या वेळेला उभं राहणं जड जातं. आमच्या जाऊबाईंनी सात वर्षं सांगितलं नव्हतं की पहाटे पाण्यात हात घालताना त्यांची बोटं वळायची नाहीत, कारण कुणी विचारलंच नव्हतं. चार आठवड्यांनी आकडे कळवलेत तर कुठली वेळ सोडावी, ते मी तुमच्याबरोबर बसून बघेन.